कुंडीतला डेलिया: कंद जागवण्यापासून साठवणीपर्यंत

कुंडीत लावलेला डेलिया हातचा जातो तो बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार आठवड्यांत, आणि जातो तो जास्त पाण्याने. कंद आणला, हौसेने भल्यामोठ्या कुंडीत लावला, रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं, महिनाभर वाट पाहिली. शेवटी उकरून पाहिलं तर हाताला मऊ, आंबूस वासाचा लगदा लागला. यात कंदाचा काही दोष नसतो. नव्याने लावलेल्या कंदाला पाणी शोषणारी मुळंच नसतात, मग ते पाणी घेणार कोण? सुरुवातीला हात आखडता ठेवायचा आणि झाड वाढीला लागलं की सढळ करायचा, हे एवढं जमलं तर डेलियाचं निम्मं काम झालं.

असं का, याचं उत्तर त्याच्या मूळ घरात आहे. डेलिया मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या उंच डोंगराळ भागातला. तिथे पावसाच्या दिवसांत तो वाढतो, फुलतो आणि कोरडा हंगाम लागला की वरचा सगळा भाग वाळून जातो. मातीखाली उरलेले कंद पुढच्या पावसापर्यंत तग धरतात. १७८९ च्या सुमारास त्याचं बी माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोचलं, १७९१ मध्ये कावानिलेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने आंदेर्श डाल या स्वीडिश अभ्यासकाच्या सन्मानार्थ त्याचं नामकरण केलं आणि १९६३ मध्ये मेक्सिकोने त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. जगभर फिरून आल्यावर आणि हजारो संकरित जाती झाल्यावरही त्याच्या गरजा त्याच राहिल्या आहेत: लख्ख ऊन, थंडावा असलेल्या रात्री, पाणी न धरणारी माती, वाढताना भरपूर ओलावा आणि झोपेत कोरडेपणा.

कंद हातात घेऊन बघा

हा भाग घाईने उरकू नका. डेलियाचा गड्डा म्हणजे जुन्या खोडाच्या बुडाशी चिकटलेले रताळ्यासारखे काही कंद. बटाट्याच्या अंगावर ठिकठिकाणी डोळे असतात, तसे डेलियाच्या कंदावर नसतात. इथे कोंब फुटतो तो फक्त माथ्यावरून, म्हणजे जिथे कंदाची मान जुन्या खोडाला मिळते त्या बोटभर जागेवरून. त्यामुळे रोप देणाऱ्या कंदाला तीन गोष्टी लागतात: अन्नसाठ्याचा जाड भाग, न मोडलेली मान आणि माथ्याचा एखादा डोळा असलेला तुकडा. कंद कितीही गुबगुबीत असला आणि माथा त्याला नसला, तर तो मुळं सोडेल, महिनोन् महिने हिरवट-ताजा राहील, पण कोंब कधीच देणार नाही. अशाला आंधळा कंद म्हणतात.

डोळा ओळखायला नजर बसावी लागते. माथा उजेडात तिरका धरा. जुन्या खोडाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा दिसेल, भोवती बारीक वळ्यासारखी कडा असेल. रंग कधी फिकट हिरवा, कधी गुलाबी किंवा जांभळट. काढणीनंतर लगेच हे डोळे ठळक असतात, मग कंद झोपला की अंगात मिसळून जातात आणि ऊब मिळाली की पुन्हा वर येतात. म्हणून आज डोळा दिसला नाही एवढ्यावरून कंद टाकून देऊ नये.

मान तपासायची तर कंदाला धरून अगदी हलकेच वरखाली करा. मान ताठ राहिली तर ठीक. बिजागरीसारखी हलली, वरची साल फक्त धरून आहे असं वाटलं, तर आतून तुटलेली आहे आणि तिथूनच कूज सुरू होईल. सुरकुतलेला पण दाबल्यावर घट्ट लागणारा कंद चालतो, तासभर पाण्यात ठेवला की थोडा भरतो. दाबल्यावर बोट आत जाणारा, पाणी सुटलेला किंवा वास येणारा कंद मात्र नको. आकाराला भुलू नका. बोटाएवढा बारीक कंदही चांगलं झाड करतो, कारण त्यातलं अन्न फक्त पहिल्या काही आठवड्यांपुरतं लागतं, पुढचं काम नवी मुळं करतात.

हंगाम साधणं

कॅलेंडरपेक्षा हवेकडे बघावं. मातीचं तापमान १५ अंश सेल्सियसच्या वर गेलं की मुळं हलतात, दिवसा १८ ते २७ अंशांत झाड खूश असतं आणि पारा ३२-३३ च्या पुढे टिकून राहिला की फुलं लहान होतात, पाकळ्या करपतात, कळ्या गळतात. जिथे हिवाळ्यात दहिवर गोठतं तिथे दंव संपल्यावर बाहेर लागवड करायची आणि त्याआधी महिना-दीड महिना कंद घरात जागवायचे. जिथे उन्हाळा भाजून काढतो आणि हिवाळा सौम्य असतो, तिथे पावसाचा जोर ओसरल्यावर लावून हिवाळ्यात फुलं घ्यायची. लहान जाती लावणीपासून अडीच-तीन महिन्यांत फुलतात, मोठ्या फुलांच्या जातींना साडेतीन-चार महिने लागू शकतात. हे गणित उलटं मोजून लावणीची वेळ ठरवावी, नाहीतर कळ्या नेमक्या उष्म्यात सापडतात.

कंद जागवणं

कंद थेट अंतिम कुंडीत लावला तरी चालतो, पण मी ट्रेमध्ये जागवूनच लावण्याच्या बाजूची आहे. कोणता कंद जिवंत आहे, कोणता आंधळा आहे हे आधीच कळतं आणि मोठ्या कुंडीतल्या ओल्या मातीत कंद कुजवण्याचा धोका टळतो.

चार-पाच इंच खोलीचा ट्रे किंवा खोका घ्या, तळाला भोकं हवीत. त्यात ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरा. ओलसर म्हणजे किती? मूठभर घट्ट पिळलं तर एखादा थेंब यावा, धार नको. कोकोपीट आधी एकदा-दोनदा साध्या पाण्यात धुऊन घेतलं तर त्यातले क्षार निघून जातात. कंद आडवे मांडा, जाड भाग झाकला जाऊ द्या आणि माथा उघडा ठेवा, म्हणजे डोळा फुटताना दिसेल. प्रत्येकाला जातीचं नाव आणि रंग लिहिलेली पट्टी आत्ताच लावा, कारण कंदावरून जात ओळखता येत नाही.

ट्रे उबदार जागी ठेवायचा, १८ ते २४ अंश पुरे. कोंब येईपर्यंत प्रकाशाची गरज नाही. पाणीही नाही. कोकोपीट अगदी कोरडंठाक झालं तरच फवाऱ्याने हलकं ओलं करा, तेही माथा टाळून. काही कंद आठवड्यात जागे होतात, बरेचसे दोन ते चार आठवडे घेतात, आणि काही हट्टी जाती सहा आठवडेही झोपून राहतात. कंद घट्ट आहे तोवर धीर धरा. रोज उकरून पाहिल्याने नाजूक नवी मुळं तुटतात. कोंब दिसताच ट्रे भरपूर उजेडात आणा, नाहीतर ते पांढरट, लांबट आणि लेचेपेचे होतात.

पूर्ण गड्डा असेल तर विभागणीला हीच वेळ सोयीची, कारण डोळे स्पष्ट दिसतात. धारदार चाकू स्पिरिटने पुसून घ्या आणि प्रत्येक तुकड्याला किमान एक डोळा व धडधाकट मान येईल असा काप द्या. कापलेल्या जागी गंधकाची भुकटी लावून सावलीत एक दिवस सुकू द्या. गड्ड्याचे जास्तीत जास्त तुकडे करण्याचा मोह आवरा. सात शंकास्पद तुकड्यांपेक्षा तीन खात्रीचे बरे.

एकाच कंदाला चार-पाच कोंब आले तर त्यांची रोपंही करता येतात. कोंब तीन-चार इंचांचा, पानांच्या दोन-तीन जोड्यांचा झाला की बुडाशी, कंदाचा पापुद्रा राहील असा कापा. खालची पानं काढून ओलसर कोकोपीट व परलाइटच्या (पांढऱ्या, हलक्या खनिज दाण्यांच्या) मिश्रणात खोचा आणि वर पारदर्शक झाकण ठेवून थेट ऊन लागणार नाही अशा उजेडात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. ही रोपं त्याच हंगामात फुलतात आणि हंगामाअखेर स्वतःचे कंदही करतात. महागाची एखादी जात वाढवायची असेल तर याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

कुंडी आणि माती

दीड-दोन फूट उंचीच्या बुटक्या जातींना दहा इंची कुंडी पुरते. ‘गॅलरी’ मालिकेतल्या जाती तर एक-दीड फुटांवरच थांबतात आणि कुंडीसाठी अगदी योग्य आहेत. तीन फुटांच्या आसपासच्या, उदाहरणार्थ काळपट पानांची आणि लाल फुलांची ‘बिशप ऑफ लॅन्डाफ’, अशा जातींना बारा ते चौदा इंच व्यास आणि तेवढीच खोली द्या. ‘कॅफे ओ ले’सारख्या मोठ्या फुलाच्या, ज्यांना डिनरप्लेट म्हणतात त्या जातींना सोळा इंचांखाली न्याय मिळत नाही. एका कुंडीत एकच कंद. पहिलीच वेळ असेल तर लहान किंवा मध्यम फुलाच्या जातीपासून सुरुवात करा. त्या लवकर फुलतात, सतत फुलतात आणि वाऱ्याला कमी दबतात.

मातीची कुंडी श्वास घेते पण भराभर सुकते, प्लास्टिकची ओल धरते पण काळी असेल तर उन्हात मुळं भाजते. दोन्ही चालतात, पाण्याचं वेळापत्रक तेवढं बदलतं. तळाला चार-पाच मोकळी भोकं मात्र हवीतच. त्यावर खापराचा तुकडा किंवा जाळीचा कपडा ठेवा. तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची गरज नाही, त्याने फक्त मुळांची जागा खाल्ली जाते.

मिश्रण असं करा: बागेची माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग आणि जाड वाळू किंवा परलाइट अर्धा ते एक भाग. माती चिकण असेल तर तिचं प्रमाण कमी करून वाळू वाढवा. मातीचा सामू (pH) ६.५ ते ७ च्या दरम्यान असावा. बारा इंची कुंडीला मूठभर हाडांचा चुरा आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळली की पायाभूत खत झालं. कच्चं शेणखत चुकूनही घालू नका, त्याची उष्णता आणि बुरशी दोन्ही कंदाला बाधतात.

लावणी

कुंडी मिश्रणाने निम्मीच भरा. कंद आडवा ठेवा, कोंब वरच्या बाजूला आणि कुंडीच्या मधोमध येईल असा. मग लगेच, आत्ताच, कोंबापासून दोन-तीन बोटांवर आधाराची काठी रोवा. झाड वाढल्यावर काठी खुपसली तर ती नेमकी कंदातून जाते. वर दोनेक इंच माती पसरा, कोंबाचा शेंडा उघडा राहू द्या. कोंब जसजसा वर चढेल तसतशी कुंडीच्या काठाखाली दीड-दोन इंच राहतील एवढी माती भरत जा. यामुळे खोडाचा खालचा भाग मातीत राहून झाडाला भक्कम पाया मिळतो.

जागवलेला कंद मुळांसह लावला असेल तर एकदा पाणी देऊन माती बसवा. थेट झोपलेला कंद लावला असेल तर ओलसर मिश्रण पुरे आहे, वरून पाणी कोंब दिसल्यावरच. पावसाची शक्यता असेल तर कुंडी आडोशाला घ्या.

या टप्प्यावर मोठा शत्रू गोगलगाय. एका रात्रीत ती कोवळा कोंब जमिनीसपाट करते आणि सकाळी कंद उगवलाच नाही असं वाटतं. कुंडी स्टँडवर ठेवा, रात्री बॅटरी घेऊन कुंडीच्या कडा आणि तळ तपासा, सापडतील त्या वेचून काढा. कोंब खाल्ला गेला तरी निराश होऊ नका, माथ्यावर दुसरे डोळे असतील तर ते फुटतात.

वाढीचे दिवस

ऊन सहा तास तरी हवं. दुपारचं ऊन फार कडक असेल तर तेवढ्या वेळेपुरती सावली द्या.

पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की मुख्य शेंडा खुडा. जोमाने वाढणाऱ्या रोपाचा शेंडा मोडायला हात धजावत नाही, पण यानेच खालच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फुटवे येतात आणि झाड उंच काडीऐवजी भरदार झुडूप होतं. पहिलं फूल आठवडा-दोन आठवडे उशिरा येतं, पुढची कितीतरी जास्त येतात. डिनरप्लेट जातींत शेंडा खुडल्यावर फक्त चार-पाच जोमदार फांद्या राखून बाकीचे फुटवे काढून टाकतात.

डेलियाची खोडं पोकळ असतात आणि फुलं जड, त्यामुळे आधार देणं टाळू नका. काठीला दर फुटावर सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या, एक फासा काठीभोवती आणि दुसरा खोडाभोवती. आवळून बांधलं तर खोड तिथेच मोडतं.

पाण्याचा हात आता सैल करायचा. बोट दोन पेरं मातीत घालून पाहा. वरचा थर वाळला असेल तर तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत पाणी द्या, मग वरचा थर पुन्हा वाळेपर्यंत थांबा. फुलावर आलेलं मोठं झाड उन्हाच्या दिवसांत रोज पाणी मागतं. दुपारच्या उन्हात पानं मलूल दिसली तर आधी माती तपासा. ती ओली असेल तर झाड फक्त उष्म्याने दमलेलं आहे, संध्याकाळी सावरेल, तेव्हा आणखी पाणी नको. पाणी बुडाशी आणि सकाळी द्यावं. वर वाळलेल्या पानांचं किंवा सालींचं दोन इंची आच्छादन दिलं तर मुळं थंड राहतात.

खत लावणीनंतर महिन्याने सुरू करा. सुरुवातीला १९:१९:१९ (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्केवारीचे) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ते दोन ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. कळ्या दिसू लागल्या की नत्र कमी करून पालाश वाढवायचं, म्हणजे १३:००:४५ किंवा ००:५२:३४ याच प्रमाणात. नत्र जास्त झालं की पानं गर्द हिरवी आणि मोठी होतात, फुलं मात्र मोजकीच येतात, खोड मऊ राहतं आणि कंद साठवणीत टिकत नाहीत. सेंद्रिय पद्धतीने करणाऱ्यांनी दर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत आणि अधूनमधून पेंडीचं आंबवलेलं, दहापट पातळ केलेलं पाणी द्यावं. खत नेहमी ओल्या मातीत, कोरड्यात कधीच नाही.

कीड आणि रोग

कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. तो पाण्याच्या फवाऱ्यानेच धुऊन काढता येतो, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. गरम, कोरड्या हवेत लाल कोळी येतो: पानं वरून फिकट, ठिपकेदार दिसतात आणि खाली बारीक जाळी असते. पानांची खालची बाजू नियमित पाण्याने धुणं हा त्यावरचा चांगला उपाय. फुलकिडे पाकळ्यांच्या कडा तपकिरी करतात. रात्री गारवा आणि हवेत दमटपणा असला की पानांवर पांढरी भुरी दिसते. कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, बुडाची वीतभर पानं काढून हवा खेळती करा, भुरी वाढलीच तर पाण्यात विरघळणारं गंधक लेबलावरच्या मात्रेने फवारा. गंधक आणि निंबोळी तेल एकापाठोपाठ फवारू नका, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या, आणि कडक उन्हात दोन्ही टाळा.

विषाणू रोगावर इलाज नाही. पानांच्या शिरांलगत पिवळे पट्टे, मुरडलेली पानं आणि खुंटलेली वाढ एकत्र दिसली तर झाड कंदासकट काढून टाका, कंपोस्टमध्येही घालू नका. मावा आणि न पुसलेली कात्री, दोन्ही तो रोग पुढच्या झाडाला पोचवतात. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटने पुसायची सवय ठेवा. घरात कुत्रा-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडापासून दूर ठेवा, डेलिया त्यांना सौम्य विषारी असतो.

फुलं

फांदीच्या टोकाला कळ्या बहुधा तीन येतात. मधली राखून बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच खुडल्या तर उरलेलं फूल मोठं आणि लांब दांड्याचं होतं. भरपूर लहान फुलं हवी असतील तर सगळ्या राहू द्या.

सुकलेली फुलं वेळच्या वेळी काढा, नाहीतर झाड बी धरायला लागतं आणि कळ्या कमी होतात. इथे नवख्याचा गोंधळ होतो, कारण फुलून गेलेलं बोंड आणि नवी कळी सारखीच हिरवी दिसतात. गोल, चपटी आणि टणक ती कळी. निमुळती, टोकदार आणि दाबल्यावर मऊ, कधी ओलसर लागते ती संपलेली. फुलदाणीसाठी फूल पाऊण भाग उमललं की पहाटे किंवा सकाळी लवकर कापा. डेलियाची कळी कापल्यानंतर फारशी उमलत नाही, त्यामुळे लवकर कापून उपयोग नाही.

पुढच्या हंगामासाठी

दिवस लहान होऊ लागले की झाड अन्न खाली कंदांत साठवू लागतं. फुलं ओसरली, पानं पिवळी पडू लागली की खत बंद करा आणि पाणी हळूहळू कमी करत पूर्ण थांबवा. वरचा भाग वाळल्यावर खोड चार-पाच इंच ठेवून कापा.

पुढे दोन वाटा आहेत. जिथे कडाक्याची थंडी पडत नाही तिथे कुंडी तशीच आडवी करून पाऊस आणि ऊन लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवता येते. कुंडीतल्या मातीत कंद चांगले टिकतात, फक्त तिला पाणी लागता कामा नये. दुसरी वाट कंद काढण्याची. खोड कापल्यावर आठवडाभर थांबा, मग कुंडी उलटी करून अख्खा गोळा बाहेर घ्या. खोडाला धरून ओढू नका, माना मोडतात. माती हलक्या धारेने धुवा, केसांसारखी मुळं छाटा आणि कंद सावलीत एक-दोन दिवस उलटे ठेवा, म्हणजे पोकळ खोडातलं पाणी निथळून जाईल. नावाची पट्टी खोडाला लगेच बांधा.

साल कोरडी लागली की खोक्यात कोरडं कोकोपीट, व्हर्मिक्युलाइट किंवा लाकडाचा भुसा पसरून कंद एकमेकांना टेकणार नाहीत असे मांडा आणि वरून झाका. ५ ते १० अंशांचा अंधारा कोपरा उत्तम. तेवढा थंडावा नसेल तर घरातली सगळ्यात गार, हवेशीर जागा निवडा, तिथे कंद थोडे सुरकुततील आणि लवकर जागे होतील. महिन्यातून एकदा खोका उघडा. मऊ पडलेला कंद दिसला तर निरोगी भागापर्यंत कापून त्यावर गंधक लावा किंवा काढून टाका. फार आकसलेले दिसले तर कोकोपीटवर हलका फवारा मारा. माथ्यावर फुगवटे दिसू लागले की ते कंद बाहेर काढून ट्रेमध्ये मांडा. हवा अजून लावणीजोगी नसेल तर ट्रे उजेडात ठेवून द्या, कोंब लांबलेच तर त्यांची रोपं करा.